एकाच मतदानातून तीन विजेते! मोजणी कुठे चुकली?

पानोपानी

आमच्या वाचनगटात आम्ही पंधरा जण आहोत. दर वर्षी एक विषय ठरवतो आणि वर्षभर त्यावरच वाचतो. यंदा इतिहास, विज्ञान आणि प्रवास असे तीन विषय पुढे आले. चर्चा काही संपेना, म्हणून मीच म्हटलं, मतदान घेऊ. नुसती फुली मारण्यापेक्षा प्रत्येकाने तिन्ही विषय आवडीच्या क्रमाने लिहावेत, म्हणजे सगळ्यांचं मन नीट कळेल, हेही मीच सुचवलं. चिठ्ठ्या उघडल्या त्या अशा:

६ जण: इतिहास, प्रवास, विज्ञान
५ जण: विज्ञान, प्रवास, इतिहास
४ जण: प्रवास, विज्ञान, इतिहास

इतिहासाला सर्वांत जास्त मतं, म्हणून मी इतिहास जाहीर केला. तेवढ्यात एक काका म्हणाले, "पंधरापैकी सहा म्हणजे बहुमत कुठे झालं? शेवटचा बाद करा आणि दुसरी फेरी मोजा." प्रवास बाद केला. त्या चौघांची पुढची पसंती विज्ञान, म्हणजे विज्ञान ९ आणि इतिहास ६. विज्ञान जिंकलं! मग गटातल्या एक निवृत्त शिक्षिका चिठ्ठ्या हातात घेऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "दोन-दोन विषयांची जोडी लावून बघा. प्रवास विरुद्ध इतिहास, ९ विरुद्ध ६. प्रवास विरुद्ध विज्ञान, १० विरुद्ध ५. प्रवास दोघांनाही हरवतो, आणि तुम्ही त्यालाच पहिल्यांदा बाहेर काढलंत."

चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच, विजेते तीन. त्या दिवशी निर्णय झालाच नाही आणि दोघंतिघं नाराज होऊन गेले. मतदान मी घेतलं होतं, त्यामुळे मला झोप लागली नाही. माझी चूक नेमकी कुठे झाली? आणि यातला खरा निकाल कोणता?

निवांत

ज्याला जास्त मतं, तो जिंकला. इतिहास. बाकी सगळा नंतर काढलेला कीस आहे.

मोजदाद

पानोपानी, मोजणीत तुमची काहीच चूक नाही. तुमच्यासमोर जे उभं राहिलं, त्यावर माणसं अडीचशे वर्षं डोकं खाजवत आहेत.

१७७० मध्ये झाँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर हीच तक्रार मांडली होती. एकच पसंती मोजली, तर बहुतेकांना नको असलेला उमेदवारही निवडून येऊ शकतो. तुमच्याकडे तेच झालं. इतिहास सहा जणांना पहिला हवा आहे, पण उरलेल्या नऊही जणांनी तो शेवटी टाकलाय. बोर्दाचा उपाय म्हणजे क्रमाला गुण देणं. पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०. तुमच्या चिठ्ठ्यांवर लावून पाहिलं: इतिहास १२, विज्ञान १४, प्रवास १९.

तुमच्या शिक्षिकाबाईंनी केलं ते काँदोर्से या फ्रेंच विचारवंताचं. त्याने १७८५ मध्ये म्हटलं की जो उमेदवार इतर प्रत्येकाला समोरासमोरच्या लढतीत हरवतो, तोच खरा विजेता. तुमच्या गटात तसा विषय आहे: प्रवास. म्हणजे गुण मोजा की जोड्या लावा, माझं उत्तर प्रवासच.

निवांत

@मोजदाद, गणित कळलं. पण कोणाची "दुसरी पसंती" आणि कोणाची "पहिली पसंती" यांना एकाच तराजूत कसं घालायचं? सहा जणांना इतिहास मनापासून वाचायचाय. प्रवास हा फक्त चौघांचा मनापासूनचा विषय. सगळ्यांना चालतो आणि कोणालाच फारसा नको, असा विषय वर्षभर वाचायचा? अशाने गट दोन महिन्यांत बंद पडेल.

शब्दवेडी

निवांत यांच्या मुद्द्यात दम आहे. "चालेल" आणि "हवंच" यात फरक असतोच. पण तो फरक चिठ्ठीत उमटलेला नाही. सहा जणांना इतिहास किती हवाय, हे आपण आपल्या मनाने ठरवतोय.

काठावरचा

"जास्त मतं तो विजेता" हे दोनच पर्याय असतील तर ठीक. तिसरा आला की घोळ सुरू होतो. २००० ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आठवा. सगळा निकाल ज्या फ्लोरिडा राज्यावर अडला होता, तिथे बुश यांची आघाडी होती ५३७ मतांची आणि त्याच राज्यात तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना मिळाली होती ९७,४८८ मतं. ती सगळी बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर यांना गेली नसती हे मान्य, पण थोडी जरी जास्त तिकडे झुकली असती, तरी जगाच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला असता.

आणि दोन फेऱ्यांनी हे सुटतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी फ्रान्सची २००२ ची अध्यक्षीय निवडणूक. सोळा उमेदवार. उजवे शिराक १९.८८ टक्के, कट्टर उजवे ल पेन १६.८६, डावे जोस्पँ १६.१८. डाव्यांची मतं इतकी फुटली की जोस्पँ पहिल्याच फेरीत घरी गेले. दुसऱ्या फेरीत ल पेन यांच्यासमोर शिराक ८२ टक्के मतं मिळवून जिंकले, कारण मतदारांपुढे दुसरा रस्ताच उरला नव्हता.

सावली

आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहे: मतं खाणारा उमेदवार. आणि तो नेहमी आपणहून उभा राहतो असंही नाही, समोरचाच त्याला उभा करतो. नावात नाव मिसळणारा डमी शोधून आणायचा, की हजार-दोन हजार मतं चुकून तिकडे जातात. मत फोडण्याची ही कला पद्धतीतल्या भोकामुळेच चालते.

रानवाटा

मी पसंतीक्रम आणि फेऱ्यांच्या बाजूचा. मत वाया जात नाही. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक याच पद्धतीने होते. १९६९ ला त्याचा खरा कस लागला. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोणालाच बहुमत नाही. मग खालचे उमेदवार बाद करत त्यांची पुढची पसंती वाटली, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

वाटलेल्या मतांपैकी ९१ हजारांहून जास्त रेड्डींकडे गेली आणि गिरींकडे साडेअठरा हजार. तरी गिरी निसटते तरले. देशमुखांना मत देणाऱ्यांचं मत शेवटपर्यंत बोलत राहिलं, हे मला फार आवडतं. म्हणून माझ्या मते पानोपानींच्या गटात विज्ञान जिंकलं.

मोजदाद

रानवाटा, या पद्धतीचा मोठा गुण तुम्ही बरोबर सांगितलात. आता तिचं दुखणं याच पंधरा चिठ्ठ्यांवर दाखवतो.

समजा इतिहासवाल्या सहांपैकी तिघं त्या दिवशी आलेच नाहीत. उरले बारा. पहिली पसंती: इतिहास ३, विज्ञान ५, प्रवास ४. इतिहास बाद. त्या तिघांची पुढची पसंती प्रवास, म्हणजे प्रवास ७, विज्ञान ५. प्रवास जिंकला!

आता बघा. इतिहासवाल्यांचा दुसरा आवडता विषय प्रवास आणि सगळ्यात नावडता विज्ञान. सहाही जण आले, मनापासून क्रम लिहिला आणि पदरात पडलं विज्ञान. त्यातले तिघं घरी बसले असते, तर मिळाला असता प्रवास. मत देण्यापेक्षा न देणं त्यांच्या फायद्याचं होतं.

अबोली

मी हे तीन वेळा वाचलं, चौथ्यांदा कागदावर मांडलं. खरंच की! जाऊन मत दिलं म्हणून नुकसान झालं?

पानोपानी

मी तर आत्ता त्याच चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि इतिहासाच्या तीन बाजूला काढून ठेवल्या. दोन्ही हातांनी पुन्हा मोजल्या. मोजदाद म्हणतात तेच येतंय. बाजूला काढलेल्या त्या तीन चिठ्ठ्यांकडे बघून वाईट वाटलं. तिघंही कामं टाकून आले होते.

रानवाटा

मान्य. पण हे पंधरा जणांच्या गटात जुळवून आणलेलं वाटतं. लाखो मतदारांत असं घडतं का?

मोजदाद

घडलंय. ऑगस्ट २०२२, अमेरिकेतल्या अलास्का राज्यात याच पद्धतीने झालेली संसदेच्या जागेची पोटनिवडणूक. पेल्टोला, पेलिन आणि बेगिच हे तिघं. बेगिच तिसरे आले, बाद झाले आणि शेवटच्या फेरीत पेल्टोला यांनी पेलिन यांना हरवलं. नंतर सगळ्या मतपत्रिका अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या, तेव्हा दिसलं की बेगिच समोरासमोर दोघांनाही हरवत होते. म्हणजे तुमचा "प्रवास". आणि पेलिन यांच्या ज्या मतदारांची दुसरी पसंती बेगिच होती, त्यांच्यातले काही हजार घरी बसते, तर पेलिन बाद होऊन बेगिच आले असते.

त्याआधी २००९ ला अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात महापौरपदासाठी: राइट २९५१, किस २५८५, माँट्रोल २०६३. माँट्रोल समोरासमोर सगळ्यांना भारी, पण तिसरे म्हणून बाद. शेवटी किस यांनी राइटना ४३१३ विरुद्ध ४०६१ असं हरवलं. तिथे आणखी विचित्र गोष्ट होती. राइट यांच्या काही शे मतदारांनी किस यांना पहिली पसंती दिली असती, तर किस हरले असते! कारण मग राइट तिसरे होऊन बाद झाले असते आणि शेवटची लढत किस विरुद्ध माँट्रोल अशी झाली असती. जादा मतं मिळाल्यामुळे हार. पुढच्याच वर्षी शहराने ती पद्धत मतदान घेऊन काढून टाकली. काही वर्षांनी परत आणली, हेही सांगायला हवं.

रानवाटा

परत आणली, हे माझ्या बाजूने मोजा. लोकांना दोष माहीत झाल्यावरही ती हवीशी वाटली.

अंकलिपी

तुम्ही फेऱ्यांच्या मागे का लागलात? बोर्दाचे गुण द्या, काम फत्ते. प्रत्येक क्रमाचा विचार होतो, कोणी मध्येच बाद होत नाही, घरी बसून फायदा नाही. मी दर वर्षी आमच्या संस्थेतल्या स्पर्धेचे निकाल असेच काढतो.

काठावरचा

आणि परीक्षक आपल्या लाडक्याच्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटचा क्रमांक देत नाहीत?

अंकलिपी

@काठावरचा, खरं सांगू? एकदा झालंय. तीन परीक्षकांपैकी एकाने सर्वांत चांगल्या मुलीला शेवटचं टाकलं. कागद बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून परीक्षक पाच घेतो आणि प्रत्येक स्पर्धकाच्या गुणांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून देतो.

मोजदाद

बोर्दाला लोकांनी हीच शंका विचारली, तेव्हा आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठीच आहे, असं त्याने म्हटल्याचं सांगतात.

पण असा डाव अंगाशीही येतो. पानोपानींच्या गटात गुणांची पद्धत आधी जाहीर केली असती आणि विज्ञानवाल्या पाचांनी प्रवासला पाडायला तो मुद्दाम शेवटी टाकला असता (विज्ञान, इतिहास, प्रवास), तर गुण झाले असते: इतिहास १७, विज्ञान १४, प्रवास १४. म्हणजे पाडायला गेले प्रवासला आणि निवडून आणला इतिहास, जो त्यांना सगळ्यात नको होता. इतिहासवाल्यांनी हेच केलं असतं तर विज्ञान २०, प्रवास १३, इतिहास १२. त्यांच्याही डोक्यावर नावडतं तेच.

सावली

करायला गेलो गणपती, झाला मारुती!

कृष्णविवर

गुणांच्या आणि क्रमांच्या पद्धतीत दुसरीही एक खोच आहे. ज्याचा संबंध नाही असा उमेदवार आला की इतरांचा आपापसातला क्रम उलटा होतो. १९९५ च्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत महिलांमध्ये निकोल बोबेक दुसरी होती आणि सूर्या बोनाली तिसरी. दोघींचं स्केटिंग संपलेलं. मग मिशेल क्वान बर्फावर उतरली, चौथी आली, आणि तिच्या क्रमांकांमुळे बोनाली दुसरी नि बोबेक तिसरी झाली. बसल्या जागी पदकांचे रंग बदलले. काही वर्षांतच तिथली क्रमांक काढण्याची रीत बदलण्यात आली.

जुनी वही

डावपेची मतदान आजचं नाही. इ. स. १०५ च्या सुमाराची गोष्ट. रोममध्ये अफ्रानियस डेक्स्टर नावाचा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च पदाधिकारी, मेलेला सापडला. त्याने आत्महत्या केली की त्याच्या माणसांनी त्याला मारलं, हे कळेना. त्याच्या घरच्या मुक्त केलेल्या गुलामांचं काय करायचं यावर सिनेटमध्ये तीन मतं: सोडून द्या, हद्दपार करा, ठार मारा. सिनेटचाच सदस्य असलेल्या धाकट्या प्लिनीला त्यांना सोडायचं होतं. त्याने आग्रह धरला की तिन्ही प्रस्तावांवर एकदम मतं घ्या आणि ज्याच्या बाजूला जास्त माणसं उभी राहतील तो मान्य करा. दोन्ही शिक्षावाले वेगवेगळे मोजले गेले की सुटकेवाले पुढे राहतील, हा त्याचा हिशेब. पण मृत्युदंड मागणाऱ्याने आपला प्रस्ताव सोडला आणि हद्दपारीवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. प्लिनीने हे सगळं एका ओळखीच्या कायदेपंडिताला पत्रात लिहून विचारलंय, माझं बरोबर होतं ना?

पानोपानी, तुम्ही आज विचारताय तोच प्रश्न त्या पत्रात आहे, म्हणून हे लिहिण्याचा मोह झाला.

पानोपानी

जुनी वही, हे वाचून खूप धीर आला. मनापासून आभार.

अबोली

मग जोड्या लावणं हेच सगळ्यात बरं ना? जो सगळ्यांना हरवतो तो विजेता. यात वाकडं काय?

मोजदाद

असा विजेता असेलच असं नाही, हे वाकडं. स्वतः काँदोर्सेलाच ते दिसलं. तीन माणसं घ्या:

पहिला: इतिहास, विज्ञान, प्रवास
दुसरा: विज्ञान, प्रवास, इतिहास
तिसरा: प्रवास, इतिहास, विज्ञान

इतिहास विज्ञानाला २-१ ने हरवतो, विज्ञान प्रवासला २-१ ने, आणि प्रवास इतिहासाला २-१ ने. गोल गोल. तिघांपैकी प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर आहे, पण तिघांचं मिळून एक मत विचारलं तर ते स्वतःलाच कापतं. तीन पर्याय, प्रचंड मतदार आणि सगळे क्रम सारखेच शक्य धरले, तर असं चक्र साधारण ९ टक्के वेळा येतं. प्रत्यक्षात माणसांच्या आवडी इतक्या विस्कळीत नसतात, त्यामुळे ते क्वचितच दिसतं.

काठावरचा

आणि चक्र असलं की सभेचा अध्यक्ष राजा! आधी कोणत्या दोघांची लढत लावायची हे ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. इतिहास हवा असेल तर आधी विज्ञान-प्रवास लढवा. विज्ञान जिंकतं, मग इतिहास त्याला हरवतो. प्रवास हवा असेल तर आधी इतिहास-विज्ञान. विषयपत्रिकेचा क्रम हे केवळ कारकुनी काम मानणाऱ्यांनी यावर नीट विचार करावा.

कृष्णविवर

भर घालतो. अध्यक्षाला निर्णायक मत असेल तर तो तोट्यातही जातो. वरच्याच तिघांत पहिला अध्यक्ष आहे आणि प्रत्येक विषयाला एकेक मत पडून बरोबरी झाली तर त्याचाच शब्द चालतो, असं धरा. तो इतिहासालाच मत देणार हे बाकी दोघांना माहीत आहे. तिसरा प्रवासला देणार. मग दुसरा विचार करतो: मी विज्ञानाला मत दिलं तर बरोबरी, म्हणजे इतिहास, आणि तो तर मला सगळ्यात नको. त्यापेक्षा प्रवासला देतो. प्रवास दोन मतांनी जिंकतो, आणि प्रवास हा अध्यक्षाचा शेवटचा विषय! जास्त अधिकार हातात असल्यामुळेच तो हरला.

रसिका

इतकी डोकेफोड कशाला? ज्याला जे जे विषय चालतात त्या सगळ्यांवर खूण करू द्या. ज्याला जास्त खुणा तो विजेता. ही संमतीची पद्धत १९७८ मध्ये ब्रॅम्स आणि फिशबर्न या दोघांनी सविस्तर मांडली. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराने २०२० मध्ये ती स्वीकारली. आवडत्याला खूण करायला कधीच भीती नाही, कारण दुसऱ्यालाही करता येते.

मोजदाद

पद्धत मला आवडते, पण तिच्यातही "चालतं" ही रेघ कुठे ओढायची हा प्रश्न राहतोच. याच पंधरा जणांनी फक्त पहिल्या विषयावर खूण केली तर इतिहास ६ ने जिंकतो. इतिहासवाल्यांनी पहिल्या दोनांवर केली आणि बाकीच्यांनी एकावर, तर प्रवास १० ने. प्रवासवाल्यांनी दोनांवर आणि बाकीच्यांनी एकावर, तर विज्ञान ९ ने. मनातली आवड जशीच्या तशी, निकाल तिन्ही शक्य.

निवांत

म्हणजे सगळ्याच पद्धती कुठे ना कुठे फसतात. मग एक करा, कोणती पद्धत वापरायची यावरच मतदान घ्या.

सावली

आता चिठ्ठ्या उघडल्यावर? इतिहासवाले सहा जण "जास्त मतं" म्हणणार, विज्ञानवाले पाच "दुसरी फेरी" म्हणणार, प्रवासवाले चार "जोड्या लावा" म्हणणार. पुन्हा ६, ५, ४!

कृष्णविवर

निवांत म्हणतात ते सिद्धच झालंय. केनेथ ॲरो यांनी १९५१ च्या पुस्तकात दाखवलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील, तर पसंतीक्रमांवरून समूहाचा क्रम काढणारी कोणतीही रीत काही अगदी साध्या अपेक्षा एकत्र पुऱ्या करू शकत नाही. सगळ्यांना जे वर वाटतं ते वर राहावं, असंबद्ध पर्यायाने दोघांचा क्रम बदलू नये, एका माणसाची हुकूमशाही नसावी, बस इतक्याच. १९७२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जॉन हिक्स यांच्यासोबत मिळालं.

आणि इथल्या चर्चेला जास्त लागू पडणारा निकाल गिबार्ड (१९७३) आणि सॅटरथ्वेट (१९७५) यांचा. तीन किंवा जास्त विषय जिंकू शकत असतील आणि निकाल एकाच माणसाच्या हातात नसेल, तर अशी एकही ठरीव पद्धत नाही, जिच्यात मनातला क्रम सोडून दुसरं काही लिहिणं कोणाला कधीच फायद्याचं ठरत नाही.

अबोली

"ठरीव" म्हणजे?

कृष्णविवर

नशिबाचा भाग नसलेली. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एक उचलली आणि तिच्यावरचा पहिला विषय घेतला, तर खोटं लिहिण्यात कोणाचाच फायदा नाही. मात्र पंधरापैकी एकालाच हवा असलेला विषयही निघू शकतो.

व्हेनिसच्या लोकांनी नशीब आणि निवड यांची जी सांगड घातली होती, ती वाचून मी थक्क झालो. त्यांचा डोज, म्हणजे राज्यप्रमुख, निवडताना सोडतीने ३० जण, त्यातून ९, त्यांनी निवडलेले ४०, त्यातून सोडतीने १२, त्यांनी निवडलेले २५, त्यातून ९, मग ४५, मग ११ आणि शेवटी ४१. या ४१ जणांतल्या निदान २५ जणांचं मत मिळालं की डोज ठरला. कोणाला आधी पटवून ठेवावं हेच कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. १२६८ पासून १७९७ ला ते प्रजासत्ताक संपेपर्यंत हे चाललं.

शब्दवेडी

मला एक कळत नाही. आपण "डावपेच" म्हणतोय, पण मनात एक आणि कागदावर दुसरं लिहिणं म्हणजे सरळ खोटं बोलणंच ना? वाचनगटात तरी माणसांनी खरं लिहावं.

जुनी वही

शब्दवेडी, मला ते खोटं वाटत नाही. मतपत्रिका म्हणजे शपथपत्र नव्हे. आपला माणूस येत नाही हे दिसत असताना निदान नको तो येऊ नये म्हणून दुसऱ्याला मत देणारा बाप्या मी घरातच पाहिलाय. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तसंच मत दिलं आणि दर वेळी घरी येऊन गप्प बसायचे. त्यांना खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोष त्यांना त्या पेचात टाकणाऱ्या पद्धतीचा.

शब्दवेडी

हे वाचून मी जरा थांबले. तुमच्या वडिलांबद्दल तसं म्हणायचं नव्हतं, खरंच. माझा राग त्या परीक्षकासारख्यांवर आहे, जे चांगल्याला मुद्दाम शेवटी टाकतात. नाइलाजाने दुसरा निवडणं आणि पाय ओढणं, दोन्हीला "डावपेच" हा एकच शब्द पुरत नाही.

काठावरचा

पद्धत मतदाराला किती विचित्र पेचात टाकते, याचं टोक जर्मनीत दिसलं होतं. २००५ च्या निवडणुकीत ड्रेस्डेनच्या एका मतदारसंघात एका उमेदवाराचं निधन झालं, म्हणून तिथलं मतदान दोन आठवडे पुढे गेलं. बाकी देशाचे आकडे सगळ्यांसमोर होते. तिथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक उमेदवारासाठी आणि एक पक्षासाठी. हिशेब करणाऱ्यांच्या लक्षात आलं की सीडीयू पक्षाला तिथे पक्षासाठीची मतं सुमारे ४१ हजारांच्या वर गेली, तर त्यांची संसदेतली एक जागा कमी होईल! समर्थकांनी उमेदवाराला मत दिलं आणि पक्षासाठीचं मत दुसरीकडे टाकलं. मतं वाढली की जागा घटू शकते अशी ही तरतूद २००८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

पानोपानी

आज दुपारी गटातल्या एका ताईंचा फोन आला, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "माझी चिठ्ठी विज्ञानाच्या गठ्ठ्यात होती, पण मला खरं तर प्रवासच हवा होता. प्रवासला कोण मत देणार, आपलं मत फुकट जाईल, निदान इतिहास तरी नको, म्हणून विज्ञान वर लिहिलं आणि प्रवास दुसरा."

मी त्यांना काय बोलावं मला सुचलं नाही. "काही हरकत नाही" म्हटलं.

मोजदाद

पानोपानी, त्या ताईंची चिठ्ठी मनासारखी लिहून मोजून बघा. इतिहास ६, प्रवास ५, विज्ञान ४. आता तिसरं येतं विज्ञान आणि ते बाद होतं. त्या चौघांची पुढची पसंती प्रवास. शेवटी प्रवास ९, इतिहास ६.

मत फुकट जाईल म्हणून त्यांनी जो विषय खाली ढकलला, तो त्यांच्याच एका चिठ्ठीमुळे काकांच्या फेऱ्यांच्या मोजणीत पडला. मनातलं लिहिलं असतं तर फेऱ्यांनीही प्रवास, जोड्यांनीही प्रवास, गुणांनीही प्रवास.

रानवाटा

बघा! म्हणजे माझ्या पद्धतीनेही प्रवासच आला असता. पानोपानी, माझं विज्ञानाचं मत मागे घेतो.

निवांत

माझ्या पद्धतीने अजूनही इतिहासच येतो, ६ विरुद्ध ५ विरुद्ध ४. पण ताईंच्या फोनबद्दल वाचून मला बोचलं. "प्रवासला कोण मत देणार" ही भीती माझ्या पद्धतीनेच लोकांच्या मनात घातलीय. त्यांना आयुष्यभर एकच फुली मारायची सवय, त्यामुळे क्रम लिहिताना ती सोबत आली. पानोपानी, प्रवास घ्या.

पानोपानी

काल सगळे पुन्हा भेटलो. ताईंनी स्वतःहून सगळ्यांसमोर ते सांगितलं. इतिहासवाल्यांतले एक जण म्हणाले, "आमची दुसरी पसंती प्रवासच आहे, भांडतोय कशाला?" प्रवास ठरला. नाराज होऊन गेलेल्यांपैकी एक जण अजून आलेले नाहीत, त्यांच्याकडे रविवारी मी स्वतः जाणार आहे.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच ठरवून वहीत लिहिलं: क्रम लिहायचा, जोड्या लावायच्या, आणि चक्र आलं तर गुण मोजायचे. चिठ्ठ्या वाटण्याआधी हे मोठ्याने वाचून दाखवायचं. पुढच्या वेळी पाच विषय येतील असं दिसतंय. किती जोड्या होतील?

मोजदाद

दहा. पाच बाय पाचचा तक्ता आखा, आडव्या ओळीत जिंकणारा, उभ्या ओळीत हरणारा. एकाने चिठ्ठी वाचायची आणि दुसऱ्याने रेघा मारायच्या. पंधरा चिठ्ठ्यांना अर्धा तास पुरे.

अबोली

रेघा मारायचं काम त्या शिक्षिकाबाईंना द्या!

पानोपानी

त्यांनी तक्ता आखूनसुद्धा ठेवलाय.